डाग आणि बग

परवाच्या शनिवारी सकाळी सातला ठाण्याहून निघालो आणि वडप्याला पोचायला सव्वानऊ वाजले. खारेगाव, माणकोली, रांजणोली... प्रत्येक ठिकाणी कंटेनरच्या मागे उभं राहायचं आणि टेंपरेचरचा काटा बघत बसायचं. कारण गाडी साधीसुधी नव्हती, बाबांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी होती. (आमच्या घरात तिला कुणीही पद्मिनी म्हणत नाही. 'फियाट'च!)

वडपे म्हणजे मुंबई-नाशिक हायवेवर भिवंडी मागे टाकली की येतं ते गाव. समृद्धी महामार्ग जिथे येऊन संपतो ते आमणे इथून जवळच. दोन्ही बाजूंना गोडाऊनच गोडाऊन. तुम्ही ऑनलाइन मागवलेला मिक्सर किंवा बूट बहुतेक या पट्ट्यात कुठेतरी एक रात्र मुक्काम करून आलेला असतो. याच गोडाऊनांच्या मागे, ट्रक-टेंपोचं डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या एका शेडमध्ये एक चाचा आहेत. जुन्या गाड्यांचा पत्रा त्यांना कळतो, अशी त्यांची ख्याती. मी गेलो होतो बॉनेटची एक कड दुरुस्त करायला. येताना डोक्यात जे घेऊन आलो ते आज लिहितोय. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी थोडी पार्श्वभूमी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडायला लागली आणि १९७४पासून हीच गाडी 'प्रीमियर पद्मिनी' झाली. १०८९ सीसीचं एंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढची सीट सोफ्यासारखी सलग. शतक बदलेपर्यंत थोड्याफार फरकाने ती तशीच बनत राहिली. मुंबईकरांना ती जास्त माहीत आहे काळी-पिवळी टॅक्सी म्हणून. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर २०२३अखेर हिशोब संपला. तेव्हा फेसबुकवर सगळ्यांनी उसासे टाकले होते (मीही!).

टॅक्सी गेल्या आणि उरलेल्या खाजगी पद्मिन्यांचा भाव एकदम वधारला. आता रविवारी सकाळी कुठेतरी चार-पाच जुन्या गाड्या जमलेल्या दिसतात. त्यातल्या पद्मिन्या बघा. आरशासारख्या चकाचक, वर आकाशी खाली पांढऱ्या, नाहीतर लालभडक. सुंदर दिसतात, खोटं कशाला बोलू? पण जवळ गेलं की कुर्ल्याहून निघाली तेव्हा ती कशी होती हे सांगणारा एक इंचही रंग उरलेला नसतो.

आता मूळ मुद्दा. माझं म्हणणं असं आहे की जुन्या गाडीवरच्या बारीकसारीक डागांसाठी पूर्ण रंग काढणं हा बहुतेक वेळा आळशीपणा असतो, मेहनत नव्हे. जो दोष पसरतो तो ताबडतोब दुरुस्त करावा. जो दोष पसरत नाही त्याला हात लावण्याआधी दहा वेळा विचार करावा. आणि हा शहाणपणा मला फुकटात मिळालेला नाही. त्याची गोष्ट अशी.

आमची फियाट फिकट क्रीम रंगाची. गेल्या वर्षी बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला सरप्राइज द्यायचं म्हणून मी ती ठाण्यातल्या एका दुकानात पॉलिशला दिली. एसी वेटिंग रूम, कॅपुचिनो, टॅबवर 'आधी आणि नंतर'चे फोटो. पोराने विचारलं, "सर, काय काय करायचं?" मी म्हटलं, "सगळे डाग काढा."

सगळे डाग. इथेच लोचा झाला.

बॉनेटवर मधोमध एक फिकट गुलाबी छाया होती. आई दर दसऱ्याला गाडीची पूजा करायची, तेव्हा ओल्या कुंकवाने बोटानेच स्वस्तिक काढायची, आणि दरवर्षी बरोब्बर त्याच जागी. पंचवीस-तीस वर्षं! जुन्या रंगात ते कुंकू मुरलं होतं. आई जाऊन आता नऊ वर्षं झाली. मला तो डाग रोज दिसत होता आणि डाग म्हणूनच दिसत होता. मशीनने तो साफ गेला. वर बॉनेटच्या पुढच्या कडेला मशीन जरा जास्त फिरलं आणि दोन बोटं रुंदीचा रंग उडून खालचा प्राइमर वर आला.

बाबा काहीच बोलले नाहीत. छान झालीये म्हणाले. फक्त बॉनेटवरून एकदा हात फिरवला, मधोमध जरा थांबवला आणि आत गेले.

दुकानाला दोष देता येईल, पण 'सगळे डाग काढा' हे मीच सांगितलं होतं. रिक्वायरमेंट चुकीची असेल तर कोड कितीही चांगला लिहा, उपयोग शून्य.

आता जरा तांत्रिक. कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते. माणसाचा केस असतो सत्तरच्या आसपास. म्हणजे पत्रा आणि पाऊस यांच्यामध्ये दोन केसांएवढं काहीतरी आहे! पॉलिश करणं म्हणजे हा थर घासून पातळ करणं. आपल्याला वाटतं चमक वर चढते, प्रत्यक्षात रंग खाली उतरत असतो. आजच्या गाड्यांवर वरून पारदर्शक कोट असतो, त्यामुळे पॉलिश करताना आधी तो घासला जातो. जुन्या गाड्यांवर तो नसतो. पॉलिशचं फडकं क्रीम रंगाचं झालं की समजायचं, गाडीचा रंग फडक्यावर आला. कडांवर रंग मुळातच पातळ बसतो, म्हणून मशीनने सर्वात आधी कडाच जळतात. हे सगळं मला नंतर कळलं, अर्थातच :-)

तर ही जळलेली कड घेऊन मी दोन-तीन ठिकाणी फिरलो. सगळीकडे एकच उत्तर, "सर, पूर्ण गाडी मारून टाका, एकसारखी दिसेल." एका ठिकाणचं कोटेशन सव्वा लाखाचं. मी जवळजवळ हो म्हणणार होतो. तेवढ्यात ऑफिसमधल्या एका मित्राने वडप्याच्या चाचांचं नाव सुचवलं.

चाचांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. मग खिशातून लोहचुंबक काढलं. फ्रिजवर लावतो तसलं, फडक्यात गुंडाळलेलं. ते दरवाजांवरून, मडगार्डवरून फिरवत गेले. सगळीकडे टक्-टक् चिकटत होतं. डाव्या पुढच्या मडगार्डवर मात्र घसरून पडलं. चाचा हसले. "इथे पुट्टी आहे. जाड. कधी ठोकली होती?"

२००५ साली रिक्षा घासली होती, तेव्हा बाबांनी तेवढा भाग कुठेतरी करून घेतला होता. बाहेरून एकदम गुळगुळीत. चाचांनी खालून हात घालायला लावला तर पत्र्याची खपली माझ्या हातात आली. आपण घराच्या भिंतीला लांबी भरतो तशी वरून पुट्टी भरून रंग मारला होता, आणि आत वीस वर्षं गंज निवांत जेवत बसला होता. गंजाची गंमत अशी की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. म्हणून तो फुगतो, रंगाला उचलतो, फोड आणतो, फोडातून आणखी पाणी आत जातं. इथली दमट, खारी हवा असेल तर विचारूच नका.

म्हणजे बघा, गाडीवरची सर्वात सुंदर दिसणारी जागा सर्वात सडलेली होती. आणि जिच्याकडे बघून मला वाईट वाटायचं ती पोचा पडलेली मागची उजवी बाजू (१९९८, मी, सोसायटीचा गेट, गाडी शिकण्याचा तिसरा दिवस) अगदी ठणठणीत! पत्रा दबलेला, पण रंग तुटलेला नाही. गेली २७ वर्षं तो पोचा मिलिमीटरभरही वाढलेला नाही.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे नवीन नाही. जुना, ओंगळ दिसणारा कोड बघितला की प्रत्येक नव्या इंजिनिअरला वाटतं, हे सगळं फेकून परत लिहू. जोएल स्पोल्स्कीने २००० साली यावर एक लेख लिहिला होता, नेटस्केपचं उदाहरण घेऊन. त्याचा मुद्दा असा की त्या ओंगळ कोडमधल्या विचित्र ओळी म्हणजे कुणीतरी कधीतरी रात्र जागून काढलेले बग असतात. सगळं नव्याने लिहिलं की ते ज्ञानही कचऱ्यात जातं. गाडीचा पूर्ण रंग म्हणजे हाच प्रकार. वर धोका असा की रिरायटमध्ये खालचे खरे बग झाकले जातात आणि सगळं हिरवंगार दिसायला लागतं.

चाचांच्या शेडमध्ये अर्धा दिवस बसून मी माझ्यापुरते तीन प्रश्न तयार केले. प्रत्येक डागाला हेच विचारायचे.

पहिला, हा पसरतोय का? रंगाखाली फोड, कडेला तपकिरी रेघ, दाराच्या खालच्या भागात ओल, ही सगळी पसरणारी प्रकरणं. यात आळस नको. आणि दिसतं तिथे कारण असेलच असं नाही. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती चिखलाने बुजली की पाणी आत साठतं आणि दार आतून बाहेर सडत येतं. बाहेरचा फोड हा नुसता एरर मेसेज. त्यावर रंग मारणं म्हणजे एरर मेसेज डिलीट करणं! आधी तार घालून भोकं साफ करा. फुकट काम आहे, दर पावसाळ्याआधी पाच मिनिटं.

दुसरा, मी जे करणार ते परत फिरवता येईल का? मेणाचा थर फिरवता येतो. ठिपक्याएवढा टचअप फिरवता येतो. घासलेला रंग परत येत नाही. ज्याला अनडू नाही ते काम सर्वात शेवटी, आणि सर्वात कमी.

तिसरा, हा नक्की कुणाला खुपतोय? मला, बाबांना, की रविवारच्या मेळाव्यात फोटो काढणाऱ्या अनोळखी माणसाला?

या तीन चाळण्यांतून गेल्यावर आमच्या फियाटवर फक्त चार कामं उरली. मडगार्डचा सडलेला भाग कापून नवा पत्रा, दोन दारांच्या खालच्या कडा, बॉनेटची जळलेली कड आणि सात-आठ खडीचे टवके. हे टवके मी चाचांच्या देखरेखीखाली स्वतः भरले. पद्धत सोपी आहे, घाई नसली तर. आधी जागा धुवायची, तेलकटपणा पुसायचा. गंज असेल तर टोकदार सुरीने खरवडून त्यावर रस्ट कन्व्हर्टर. त्यातलं फॉस्फोरिक ॲसिड उरल्यासुरल्या गंजाचं टिकाऊ थरात रूपांतर करतं. मग प्राइमरचा एक ठिपका. मग टूथपिकने रंग, पातळ-पातळ तीन-चार वेळा, मध्ये पुरेसं वाळू देऊन. ब्रश नाही, टूथपिक! आठवडाभराने दोन हजार नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलकेच फिरवायचा. तीन फुटांवरून डाग दिसत नाही. एका फुटावरून दिसतो. दिसू दे की.

शेड जुळवणं ही मात्र खरी कला. चाचांनी डब्यावरचा नंबर बघितलाच नाही. चाळीस वर्षांच्या उन्हाने आमचा क्रीम आता स्वतःचाच एक रंग झालाय, तो कुठल्याच कार्डावर नाही. त्यांनी आधी शेजारची चार बोटं जागा हाताने हलकेच साफ केली, कारण वरच्या खडूसारख्या थराशी रंग जुळवला तर पुढच्या धुलाईनंतर ठिगळ उघडं पडतं. मग पांढऱ्यात थेंबभर पिवळा, काडीभर काळा, नखभर लाल. प्रत्येक वेळी शेडबाहेर जाऊन उन्हात बघायचं. "ट्यूबलाइट झूट बोलती है," म्हणाले. फवारा मारण्याआधी शेडच्या जमिनीवर पाणी शिंपडलं, हायवेची धूळ बसावी म्हणून. आणि हे काम दिवाळीनंतर केलं, कारण पावसाळी हवेत थिनर उडताना हवेतली ओल रंगावर बसते आणि पांढरट झाक येते.

बंपरच्या क्रोमसाठी एक घरगुती युक्तीही सांगून ठेवतो. पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियम फॉइल चुरगळून, पाण्यात बुडवून घासायची. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे चरे पडत नाहीत आणि वरवरचा गंज निघतो. खड्डे राहतात, ते राहू द्यायचे.

आता विरुद्ध बाजू. एक मित्र म्हणतो, "अरे, गाडी काय म्युझियममध्ये ठेवायचीये? चकाचक करून मिरवायची तर मिरव!" मुद्दा अगदीच चूक नाही. ज्या गाडीचा मूळ रंग आधीच तीनदा बदललाय, किंवा पत्रा जागोजागी गेलाय, तिथे जपायला काय उरलंय? खुशाल पूर्ण करा, फक्त पत्र्यापर्यंत जाऊन करा. आणि विकायची असेल तर गिऱ्हाईक चकचकीत गाडीला भुलतं, हेही खरं.

पण जग हळूहळू दुसऱ्या बाजूला सरकतंय. जुन्या गाड्यांच्या क्लबांची आंतरराष्ट्रीय संघटना 'फिवा' हिने २०१२ साली ट्युरिन चार्टर स्वीकारला. त्यात जपणूक, संवर्धन आणि पुनर्बांधणी या तीन वेगळ्या गोष्टी मानल्यात आणि हस्तक्षेप जमेल तेवढा कमी ठेवायला सांगितलंय. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या प्रसिद्ध प्रदर्शनात न रंगवलेल्या, जशाच्या तशा गाड्यांसाठी वेगळा वर्ग असतो. आपल्याकडेही २०२१च्या विंटेज गाड्यांच्या नियमांत पन्नास वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडीच धरतात. चासी, बॉडी किंवा एंजिनमध्ये मोठे फेरफार चालत नाहीत. रंगाने नोंदणी अडत नाही, पण 'मूळ' या शब्दाला आता कायद्यात किंमत आहे. आमची फियाट २०३६ला पन्नाशी गाठेल. तोवर बघू.

काही बदल तर आपल्या हातातच नसतात. २०१९च्या एप्रिलआधीच्या गाड्यांनाही आता हाय सिक्युरिटी नंबरप्लेट सक्तीची झालीये. त्यामुळे एमएच यायच्या आधीचा आमचा तीन अक्षरी नंबर, कुणा पेंटरने हाताने काढलेला, उतरवावा लागला. ती पाटी डिकीत फडक्यात गुंडाळून ठेवलीये. नियम पाळला आणि अनडूही ठेवला!

शेवटी खर्चाचा हिशोब. पूर्ण रंगाचं कोटेशन सव्वा लाख. वडप्याला चार चकरा, सगळं मिळून बावीस हजार. त्यातला मोठा भाग मडगार्डच्या पत्र्याचा. सोसायटीच्या गेटवाला पोचा तसाच ठेवलाय. चाचा म्हणाले, काढून देतो, दोन तासांचं काम आहे. मी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "तुझ्या मुलाला गाडी शिकवशील तेव्हा दाखवायला राहू दे."

कुंकवाची छाया मात्र गेली ती गेली. ते काम चाचांनाही जमणारं नाही, आणि मी सांगितलंही नाही. यंदाच्या दसऱ्याला बायकोने ताट केलं. बाबांनी ओलं कुंकू बोटावर घेतलं, बॉनेटच्या मधोमध जागा शोधली, जराशी चुकली बहुतेक, आणि स्वस्तिक काढलं. संध्याकाळी मी गाडी पुसायला फडकं घेतलं. तेवढा भाग सोडून बाकीची पुसली.

असो. तुमच्याकडे जुनी गाडी, स्कूटर, अगदी सायकल असेल तरी या वीकेंडला एक काम करा. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक घेऊन तिच्याभोवती एक चक्कर मारा. आणि पॉलिशवाल्याला 'सगळे डाग काढा' असं सांगण्याआधी त्यातले कुठले कुणी पाडलेत ते घरात एकदा विचारून घ्या.